खिडकीतला पुदिना आणि आत्याचं नाक

"विचारायचं नाही," आत्या म्हणायची. "डाग कशाचा, असं गिऱ्हाइकाला कध्धी विचारायचं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो. कपडा बोलत नाही खोटं."

असं म्हणून पुढ्यात जे असेल ते, शर्टाची कॉलर, चादरीची कड, कोटाची बाही, उचलून नाकाशी धरायची. डोळे अर्धे मिटलेले. एकच श्वास.

"दूध. परवाचं." चिठ्ठी निळी, म्हणजे थंड पाणी. 

"तेल. यंत्राचं, खाण्याचं नव्हे." चिठ्ठी लाल, म्हणजे गरम पाणी. 

"हे खोकल्याचं औषध. अर्धं पोरानं थुंकलंय." पुन्हा निळी. सेफ्टी पिन खट्ट. पुढचा कपडा.

लाँड्रीत शिरलं की डाव्या हाताला गिऱ्हाइकांचा काउंटर, त्याच्यामागे आत्याचं निवडणीचं टेबल, टेबलाला लागून एक मोठी खिडकी. पलीकडे मशीनची खोली, तिच्याही पलीकडे इस्त्रीची. बावीस वर्षं सगळे कपडे आधी आत्याच्या नाकाखालून जायचे आणि मगच पाण्यात पडायचे. पाठीमागे सगळे तिला 'नाक' म्हणत. "नाक आलं का?" "नाक जेवायला गेलंय." तिला माहीत होतं. तिला ते आवडायचंही.

ही माझ्या बाबांची थोरली बहीण. मला नोकरी लागली तेव्हा मी तिच्याकडे राहायला आले आणि राहिलेच. माझं ऑफिस लाँड्रीच्याच गल्लीच्या टोकाला, त्यामुळे दुपारचा डबा आम्ही दोघी त्या निवडणीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर खायचो. पुढचं जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मी डबा खाता खाता पाहिलेलं आहे. उरलेलं अर्धं आत्यानं घरी येऊन नकला करून दाखवलेलं आहे. आणि ती नकला अशा करते की मी तिथे होते की नव्हते, हे आता माझं मलाच नीट आठवत नाही.

त्या वर्षी तिला ताप आला. साधाच. पाच दिवस अंथरुणात, सहाव्या दिवशी उठून बसली. मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं कप तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबली.

"चिमणे, हे काय आहे?"

"चहा."

"नुसतं गरम पाणी आहे हे."

"आत्या, आलं घातलंय. ठेचून घातलंय."

तिनं कप खाली ठेवला. उठली, न्हाणीत गेली, साबणाची वडी नाकाला लावली. मग टूथपेस्ट. मग कपाटातली डांबराची गोळी. मग परत आली आणि खुर्चीत बसली. नाकाच्या शेंड्याला साबणाचा फेस तसाच होता. एरवी मी पोट धरून हसले असते.

"गेलं," ती म्हणाली.

नाकाचे डॉक्टर तरुण होते आणि फार गोड बोलत होते, त्यामुळे आत्याचा त्यांच्यावर पहिल्यापासून विश्वास बसेना. "नसा दमल्यात, मावशी. एखादा ओळखीचा, उग्र वास निवडा. रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून घ्या. डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करा. परत येईल."

"कधी?"

"ते काही सांगता येत नाही. महिना, सहा महिने. काहींना..."

"काहींना काय?"

"तुम्ही वास घ्यायला सुरुवात करा," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "लाँड्रीत एक अक्षर बोलायचं नाही. माझं नाक गेलं म्हणजे मी गेले. त्या टेबलाशी मग काय शोभेची बाहुली म्हणून बसू?"

"अगं पण काम कसं करणार?"

"डोळे आहेत ना. बावीस वर्षांचा अनुभव आहे." मग थोडं चालून गेल्यावर, "होईल," असं स्वतःशीच म्हणाली.

पुदिना आणला इस्त्रीवाल्या वहिनीनं. वहिनी म्हणजे तोंडाचा पट्टा. इस्त्री एका हातानं आणि बोलणं दोन्ही हातांनी. आत्या तिला एवढंच म्हणाली होती की एखादं वासाचं रोप मिळालं तर बघ, खिडकी रिकामी रिकामी वाटते.

"बघ काय, आमच्या गच्चीत पुदिन्याचं रान माजलंय!" दुसऱ्या दिवशी वहिनी ओल्या फडक्यात चार काड्या गुंडाळून हजर. "नुसत्या खोचा. पुदिना मरत नाही. कोणाच्या बापाच्यानं मरत नाही. तुम्ही हा मारून दाखवलात ना आत्या, तर मी इस्त्री सोडून देईन."

नवव्या दिवशी मेला.

वहिनी कमरेवर हात ठेवून त्या काळ्या पडलेल्या काड्यांकडे बघत राहिली. "असं कसं झालं? मी तर बाई बघितलंच नाही कधी असं. तुम्ही त्याला काही बोललात का?"

"मी कशाला बोलू? सोडणार होतीस ना इस्त्री? सोड."

मशीनच्या खोलीतून मौनीबुवा डोकावले. हे मशीनवाले. उंच, वाकलेले, हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तर त्या दिवशी त्यांची तब्येत बरी नाही असं समजावं, म्हणून हे नाव. आत्याशी त्यांचं वर्षानुवर्षं बिनसलेलं. का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी डबा उचलला, उलटा केला, बुडाकडे बघितलं.

"सोड्याचा आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

खरंच की! आत्यानं धुण्याच्या सोड्याचा रिकामा डबा घेऊन, तळाला खिळ्यानं भोकं पाडून, त्यात रोप लावलं होतं. कडेला आतून सोड्याची पांढरी पुटं तशीच. लाँड्रीत दुसरा डबा मिळणार कुठला? रोपाला रोज थोडी थोडी धुलाई होत होती.

"उघडा डबा नाकासमोर होता," वहिनी मला हळूच म्हणाली. "आत्यांना सोड्याचा वास आला नाही म्हणजे कमालच. ताप भलताच चढला होता वाटतं."

मी डब्यातल्या भाजीकडे बघत जेवत राहिले.

दुसरा पुदिना मातीच्या कुंडीत लागला. विकत आणलेली नवी कुंडी, विकत आणलेली माती. पंधरवड्यात त्याला अशी काही पानं फुटली की येणारी-जाणारी माणसं काउंटरवरून वाकून बघायची. आणि मग तो उतरणीला लागला. मरत नव्हता, जगतही नव्हता. काड्याच काड्या. कोवळं पान दिसलं रे दिसलं की दुसऱ्या दिवशी नाहीसं.

सल्ल्यांना तोटा नव्हता.

"पाणी जास्त होतंय," वहिनी म्हणाली.

"पाणी कमी पडतंय," पोस्टमन म्हणाला.

"वाफ लागतेय. इस्त्रीची खोली बंद ठेवत जा." हे लाँड्रीच्या मालकीणबाईंचं. त्यावर वहिनीचं, "मग मी आतच शिजून मरू का? मला घाला कुंडीत!"

एक शाळामास्तर गिऱ्हाईक होते, ते म्हणाले, गोगलगाय असणार. त्यावर आत्यानं गंभीरपणे तीन दिवस गोगलगाय शोधली.

गोगलगाय आत्याच होती.

सकाळी लाँड्री उघडली की पहिलं काम ते. खिडकीशी जायचं, एक पान खुडायचं, बोटांत चुरडायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे. काही नाही. मग दुपारी डबा खाऊन झाल्यावर आणखी एक. संध्याकाळी निघताना आणखी एक. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, तिनं स्वतःच्या जिवावर तिसरं वाढवलं. आणि मधेच एखादा अवघड डाग समोर आला, पिवळट, कशाचाही असू शकेल असा, की तिचा हात आपोआप खिडकीकडे जायचा. आत्ता, या मिनिटाला नाक परत आलं असेल तर? आणखी एक पान.

माझ्या समोर ती हे करायची आणि मलाही ते रोप आणि ते खुडणं एकत्र दिसत नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत असायचे.

काम ती अंदाजानं ढकलत होती. तेलाचा डाग दिसतो, त्याची कड पसरलेली असते. शाई ओळखू येते. पण दूध की मांड, अंडं की वार्निश, घाम की औषध, तिथे डोळे काय करणार? ती कपडा नाकाशी धरायची, डोळे अर्धे मिटायची, सगळं अगदी पूर्वीसारखं. आणि मग मनातल्या मनात नाणं उडवल्यासारखी एक चिठ्ठी उचलायची. घरी आली की विचारायची, "आज कोणी काही बोललं?" आणि आश्चर्य म्हणजे कोणीच काही बोलत नव्हतं. एकही कपडा बिघडून परत आला नाही. तिला वाटायचं, हातात अजून आहे काहीतरी.

चौथा महिना संपत आला तेव्हा कुंडीत एक काडी आणि तिच्या टोकाला दोन पानं उरली होती. शनिवारी आत्यानं कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही रोपं विकणाऱ्या आजींकडे गेलो. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची जाळीनं झाकलेली एवढीशी जागा. आजी पाटावर बसून वांग्याची रोपं सुटी करत होत्या. कुंडीकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"पाणी दिवसाआड घालते," आत्या घाईघाईनं सांगू लागली. "ऊन सकाळचं येतं. माती चाळून घातलीये. गोगलगाय नाही, मी बघितलंय."

"पाण्याचं नका सांगू. पानं किती तोडता?"

"एखाददुसरं."

"दिवसाला?"

आजींनी काडीवर बोट फिरवलं. "ही बघा, इथे खुडलंय. इथे. इथे. हे कालचं. अहो बाई, झाड पानांनी जेवतं. तुम्ही त्याच्या तोंडातला घास रोज काढून घेताय आणि वर पाणी पाजताय. कसं जगावं त्यानं? एवढी कशाला लागतात पानं तुम्हाला?"

"वास बघायला."

"पुदिन्याचा वास काय रोज बघायचा असतो? आज काय तो गुलाबाचा येणार आहे?" आजी हसल्या. मग आत्याच्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या. कुंडी तिच्या हातात देत म्हणाल्या, "दोन महिने हात लावू नका. बघू नका म्हटलं तरी चालेल. वाढतंय का, वाढतंय का, असं सारखं कोणी आपल्याला विचारत बसलं तर आपण वाढू का?"

"पण मग मला कळणार कसं?" आत्या म्हणाली.

"काय कळणार?"

आत्यानं कुंडी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. येताना वाटेत ती कुंडी पोटाशी धरून चालत होती आणि एकाएकी म्हणाली, "चिमणे, मीच खाल्लं गं त्याला."

सोमवारपासून तिनं पानाला हात लावला नाही. आणि मग तिचे खरे हाल सुरू झाले. तोपर्यंत निदान सकाळ, दुपार, संध्याकाळ आशा तरी होती. आता नुसते कपडे. गुरुवारी मी डबा घेऊन पोचले तेव्हा मशीनच्या खोलीच्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात खानावळीचा एक मोठा टेबलक्लॉथ होता. मधोमध ताटाएवढा तपकिरी डाग.

"दूध आहे हे! दूध गरम पाण्यात कोणी टाकलं? आता हा जन्मात निघायचा नाही. तीस वर्षं मशीनवर आहात तुम्ही!"

मौनीबुवा ओले हात पुसत उभे होते. "माझी चूक," ते म्हणाले.

"चिठ्ठी कुठली होती?"

"चिठ्ठी पडली असेल. माझी चूक," ते पुन्हा म्हणाले. एका दमात सात शब्द, त्यातले चार तेच तेच.

मालकीणबाई टेबलक्लॉथ घेऊन निघून गेल्या. आत्या डबा न उघडताच उठली आणि मशीनच्या खोलीत गेली. मी दारात थांबले. तिथे कपड्यांच्या टोपल्या रांगेनं लावलेल्या असतात, चिठ्ठ्या लावलेल्या, पाण्यात जायची वाट बघत. ती वाकून चिठ्ठ्या बघू लागली. एक, दोन, पाच.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आत्या सेफ्टी पिन लावते ती नेहमी डोकं डावीकडे करून. ती डावरी आहे. बावीस वर्षांत एक पिन तिनं उजवीकडे डोकं करून लावलेली नाही.

त्या टोपल्यांत अकरा पिनांची डोकी उजवीकडे होती.

"हे काय आहे?" आत्यानं विचारलं.

मौनीबुवांनी मशीनचं झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

"मी विचारतेय, हे काय आहे? माझ्या चिठ्ठ्या कोण बदलतं?"

"सगळ्या नाही. चुकलेल्या तेवढ्या."

"कधीपासून?"

"तापातून उठून आलात तेव्हापासून."

आत्याला बसायला काही सापडेना, ती एका भरलेल्या टोपलीवरच बसली. "तुम्हाला कसं कळलं?"

आणि मग मौनीबुवा बोलले. मी तिथे उभी होते म्हणून सांगते, नाहीतर आमच्या लाँड्रीत अजूनही कोणी यावर विश्वास ठेवत नाही.

"तुम्ही सकाळी पान चुरडून नाकाशी धरता. पुदिना हुंगला की माणसाच्या भुवया वर जातात. कोणाच्याही. गिऱ्हाईक येतं, गंमत म्हणून पान हुंगतं, भुवया वर. वहिनी हुंगते, भुवया वर. तुमच्या जात नव्हत्या." त्यांनी दम घेतला. "सोड्याच्या डब्याला तर तुम्ही नाक लावून माती भरत होतात."

"मग तुम्ही वास घेऊन चिठ्ठ्या..."

"छे, छे. मला कुठलं तेवढं. डागाच्या कोपऱ्यावर थंड पाण्याचा एक थेंब टाकायचा, शेजारी साबणाचा एक. बघत बसायचं. कोणत्यानं डाग हलतो ते कळतं मग. वेळ लागतो." ते जरा ओशाळून हसले. "तुमचा एक श्वास असतो तिथे माझी पाच मिनिटं जातात. म्हणून तासभर आधी येतो. तो टेबलक्लॉथ तेवढा राहिला."

"आणि मालकीणबाईंना म्हणालात माझी चूक!"

"मग काय म्हणणार?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. आयुष्यात तिनं कोणाचे आभार असे मानलेच नव्हते. ती टोमणे मारते, टोमण्यातच सगळं येतं तिचं. पण त्या दिवशी टोमणा सुचेना. "बावीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात," शेवटी ती म्हणाली, "आणि बोललात ते हे?" आणि पदराचं टोक नसल्यासारखी बाहीनंच डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालकीणबाईंसमोर उभी राहिली. मला आधी सांगितलंही नाही. ही नक्कल तिनं मला शंभरदा करून दाखवली आहे.

"टेबलक्लॉथ माझ्यामुळे बिघडला. माझं नाक गेलंय. चार महिने झाले."

मालकीणबाईंचा चष्मा नाकावरून घसरून टेबलावर पडला. "चार महिने? आणि तू माझ्या गिऱ्हाइकांचे कपडे चार महिने..."

"अंदाजानं."

"अंदाजानं!" त्या चिडल्या. चांगल्याच चिडल्या. चूक म्हणाल्या, फसवणूक म्हणाल्या, विश्वास वगैरे म्हणाल्या, आणि आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं अकरा पिनांची गोष्ट सांगितली. मालकीणबाईंनी मशीनच्या खोलीकडे वळून बघितलं.

"तो माणूस रोज तासभर आधी येतो ते मला वाटायचं, घरी पटत नसेल," त्या म्हणाल्या. मग चष्मा घालत, "पण मला एक सांग. डाग कशाचा, हे आपण गिऱ्हाइकाला सरळ विचारत का नाही?"

बावीस वर्षं लाँड्रीत कोणी विचारत नव्हतं, कारण आत्यानं विचारू दिलं नव्हतं.

"टेबलावरून उठ आणि काउंटरवर बस. घेतानाच विचार, घेतानाच चिठ्ठी लाव. आणि खोटं बोलले तर तोंडं बघून ओळख. नाक गेलंय, डोळे गेलेत का?"

पहिल्या दिवशी ती अडखळली. समोर एक बाई कोट घेऊन उभ्या. आत्या म्हणाली, "हा... म्हणजे हे इथे जे... कशाचं?"

"सूपचं," बाई म्हणाल्या. "सासूबाईंना भरवत होते. आता त्यांचा हात थरथरतो ना. आधी मला राग यायचा. आता दोघी हसतो. काल तर त्याच म्हणाल्या, उद्या रेनकोट घालून ये." कोट देऊन झाला, पावती घेतली, तरी बाई बोलतच होत्या.

आत्या घरी आली ती पायातली चप्पलही न काढता सांगत सुटली. "चिमणे, बावीस वर्षं मी म्हणायचे, सूप. फक्त सूप. सासू कधी आलीच नाही गं वासात!"

मग रोजचंच झालं. लोक खोटं बोलत नव्हते. फार थोडे बोलायचे, आणि तेही मजेशीर खोटं. शाळामास्तर म्हणाले, शाई, आणि कान लाल करून उभे राहिले, मग कुजबुजले, "लिपस्टिक. बायकोचीच. लग्नाला तीस वर्षं झाली परवा." एक रंगारी आपल्या मुलीचा फ्रॉक घेऊन यायचा, त्यावर त्याच्याच हाताचा हिरवा पंजा. "कामावरून आलो, उचलून घेतली, विसरलोच." वहिनी आतून ओरडायची, "आत्या, हिरवा पंजा आला का या आठवड्याचा?" काउंटरवर गर्दी वाढली. मालकीणबाईंनी दोन खुर्च्या आणून टाकल्या.

आणि खिडकीतल्या कुंडीकडे बघायला आत्याला वेळच उरला नाही. पाणी घालायची, पुढे जायची. खुडायला कारणच नव्हतं. नाकाची चाचणी घ्यायची कोणाला घाई होती आता? घरी सकाळ-संध्याकाळ ती डॉक्टरांनी सांगितलं तसं लवंगेच्या बाटलीवर डोळे मिटून बसायची, तेवढंच. पुदिन्यानं मात्र त्या एका काडीवरून मातीत हातपाय पसरले, कुंडीच्या कडेवरून बाहेर डोकावला, आणि एक दिवस वहिनीनं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं जाहीर केलं, "बघा! मी म्हटलं नव्हतं, पुदिना मरत नाही?"

"पहिला विसरलीस वाटतं," आत्या म्हणाली. "इस्त्री सोडणार होतीस."

साधारण आठ महिन्यांनंतरची गोष्ट. दुपार, आम्ही डबा खाऊन उठलो होतो. आत्यानं काउंटर पुसायला फडकं उचललं आणि ते हातात धरून उभीच राहिली. तोंड वाकडं झालं.

"शी!" ती म्हणाली.

मी वळले.

"शी, शी, शी! कुबट! काय घाण वास येतोय या फडक्याला!" आणि तिनं ते फडकं दोन्ही हातांनी तोंडावर दाबलं आणि खोल श्वास घेतला. "चिमणे, कुबट वास येतोय! अगं कुजलंय हे! वहिनी! अहो, इकडे या सगळे, हे फडकं केवढं घाण आहे!"

वहिनी इस्त्री तशीच हातात घेऊन धावत आली. मालकीणबाई आल्या. सगळ्यांनी आळीपाळीनं ते फडकं हुंगलं, नाकं मुरडली आणि एकमेकींना मिठ्या मारल्या. काउंटरपलीकडे एक गिऱ्हाईक चादर घेऊन उभं होतं, ते हळूच म्हणालं, "मी नंतर येऊ का?"

सगळे वास नाही आले परत. चहातलं आलं येतं, साबण येतो, दूध अजून नाही. ती टेबलावर परतली नाही. मालकीणबाईंनी विचारलं होतं, तर म्हणाली, "आणि हिरव्या पंजाची हकिकत कोण ऐकणार? तुम्ही?"

त्या दिवशी गडबड ओसरल्यावर तिनं खिडकीशी जाऊन, किती तरी महिन्यांनी, एक पान खुडलं. आधी स्वतःच्या नाकाला लावलं नाही. मशीनच्या खोलीत गेली, ते चुरडून मौनीबुवांच्या पुढे धरलं.

"घ्या. तुमचा पहिला मान."

मौनीबुवांनी वास घेतला. मी दारातून बघत होते. आत्याही बघत होती, त्यांच्या कपाळाकडे.

भुवया जागच्या हलल्या नाहीत.

"छान आहे," मौनीबुवा म्हणाले.

"छान आहे?" आत्यानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "अहो... तुम्हालाही?"

ते हात पुसू लागले. कोपरापर्यंत पांढरे हात, तीस वर्षं साबणाच्या वाफेत. "फार वर्षं झाली," ते म्हणाले. "म्हणून तर ओळखलं तुम्हाला."

आत्यानं ते चुरडलेलं पान त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं मिटली.

"उद्यापासून सकाळी आलात की आधी माझ्या खिडकीशी यायचं," ती म्हणाली. "मन लावून, डोळे मिटून. आणि खुडायचं नाही हं, सांगून ठेवते! पान झाडावरच राहू द्यायचं, नुसतं दोन बोटांत चोळायचं."

"येईल परत?" मौनीबुवांनी विचारलं.

"कधी ते सांगता येत नाही," आत्या म्हणाली. "मी बघत बसेन ना तुमच्या भुवया."